कळफलकाची कळ: गोदरेजपासून निळ्या स्विचपर्यंत

गेल्या पावसाळ्यात एक ताई ओपीडीत आल्या. वय पस्तिशीच्या आतलं, यवतमाळला एका वकिलांकडे टायपिंगचं काम करतात. केसपेपर पुढे करण्याआधी त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर दोन कीबोर्डचे फोटो होते.

"डॉक्टरसाहेब, निळा स्विचवाला घेऊ का लाल?"

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हा प्रश्न मला पहिल्यांदाच आला. मग हळूहळू तक्रार कळली. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या, पहाटे हात बधिर होऊन जाग येते, आणि दीड महिन्यावर लिपिक-टंकलेखक पदाची टायपिंगची चाचणी. कोणीतरी सांगितलं होतं की ऑफिसच्या स्वस्त कीबोर्डमुळे असं होतं, मेकॅनिकल कीबोर्ड घेतला की आठ दिवसांत फरक पडतो. व्हिडिओ बघून बघून त्यांना स्विचचे रंग पाठ झाले होते. शेवटी त्या जे बोलल्या ते माझ्या डोक्यात अडकून राहिलं. "आमच्या बाबानं कचेरीसमोर चाळीस वर्सं गोदरेज बडवली. त्याईले कधी मुंग्या आल्या नाही. मग मलेच काहून?"

प्रश्न बरोबर होता. टाइपरायटरची कळ दाबायला जोर लागायचा, आजचा कीबोर्ड तर फुंकरीने चालतो. तरी हात दुखतो तो आजचा. याचं उत्तर शोधताना मी बराच मागे गेलो. तुम्हीही दिवसाचे सहा-आठ तास कळा दाबत असाल किंवा घरात कोणी टायपिंगची तयारी करत असेल, तर सोबत या.

मराठीत 'कळ' म्हणजे यंत्राचं बटण आणि 'कळ' म्हणजे दुखण्याची सणकही. भाषेने हे दोन अर्थ एकत्र बांधलेत खरे, पण लिहिणाऱ्याचा हात कळफलक येण्याच्या कितीतरी आधीपासून दुखतोय. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. कामगारांच्या आजारांवर त्यांनी १७०० साली एक ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत कारकून-लेखनिकांच्या आजारांची भर घातली. कारणं तीन सांगितली: सतत बसून राहणं, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला, तर काही दिवसांनी डावा हातही तसाच झाला. तीनशे वर्षांपूर्वीची ही तीन कारणं वाचताना मला आमच्या बँकेतले, तहसीलमधले, वकिलांकडचे पेशंट एकेक करून आठवत होते. त्या यादीत बोरू किंवा लेखणी खराब होती हे कारण मात्र नाही.

पुढे तारयंत्र आलं. मोर्सच्या एकाच कळीवर दिवसभर कट्-कडकट करणाऱ्यांच्या मनगटात पेटके येऊ लागले. ब्रिटनमध्ये १९०८ साली 'तारवाल्यांचा पेटका' हा भरपाई मिळणाऱ्या व्यवसायजन्य आजारांत धरला गेला, आणि तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारने चौकशी समिती नेमली. १९११ च्या तिच्या अहवालात यंत्राबरोबर माणसाच्या ताणाचाही विचार होता.

आता टाइपरायटर. अमेरिकेत क्रिस्टोफर शोल्स आणि साथीदारांनी १८६८ मध्ये पेटंट घेतलं, आणि बंदुका व शिवणयंत्रं बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ पासून यंत्र बाजारात आणलं. पहिल्या मॉडेलला शिवणयंत्रासारखं स्टँड होतं आणि ओळ संपली की पायाने पायटा दाबायचा. इंग्रजीचं काम यावर सोपं होतं, सव्वीस अक्षरं. आपली पंचाईत मोठी. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. छापखान्यातच देवनागरीचे शेकडो खिळे लागत, आणि ती संख्या कमी करण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनीही केला होता. टाइपरायटरवर तर चाळीस-पंचेचाळीस कळा, एकेकीवर दोन खुणा. म्हणजे सगळी मराठी नव्वदच्या आसपास खुणांत बसवायची.

ती बसवली, पण त्याची किंमत बोटांनी मोजली. काही अक्षरं दोन टप्प्यांत उमटत, आधी काना नसलेलं अर्धं अंग आणि मग काना. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. काही खुणांच्या कळा दाबल्या तरी कागद पुढे सरकत नसे, म्हणजे पुढचं अक्षर त्याच जागी येऊन बसे. जुन्या टायपिस्ट मंडळींना हे विचारून बघा, शब्दात सांगताना अडखळतील, बोटं मात्र टेबलावर आपोआप चालू लागतील.

आपल्याकडे या यंत्राचा भाव कसा वाढला तेही सांगतो, कारण त्यात आपल्या जिल्ह्याचा हात आहे. गोदरेज अँड बॉइसने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. १९६० ला महाराष्ट्र झाला. राजभाषा अधिनियम १९६४ चा, आणि २६ जानेवारी १९६५ पासून राज्यकारभाराची भाषा मराठी झाली. तेव्हा मुख्यमंत्री होते पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. कारभार मराठीत म्हणजे पत्रं मराठीत, पत्रं मराठीत म्हणजे टंकलेखक मराठीचे. तालुक्या-तालुक्याला टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस हे आकडे लग्नाच्या बायोडाटावर दिसू लागले. परीक्षा पुण्याच्या परीक्षा परिषदेची, यंत्रं रेमिंग्टन, हल्डा, फॅसिट किंवा गोदरेज. उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा एका इन्स्टिट्यूटमध्ये मीही महिनाभर गेलो आहे. कळांवर आपटणाऱ्या बोटांपेक्षा करंगळीचं दुःख जास्त होतं. ती बिचारी जोर लावायची, आणि कागदावर तिची अक्षरं फिकीच उमटायची.

ते फिकं अक्षर महत्त्वाचं आहे. टाइपरायटरच्या कळीवर दुसरा कुठलाच जोर नव्हता. तुमच्या बोटाने कळ ढकलली, कळीने दांडा ढकलला, दांड्याच्या टोकाचं अक्षर रिबिनीवर आपटलं. कोर्टाच्या कागदाला चार प्रती हव्या असत, म्हणजे मध्ये कार्बन. शेवटच्या प्रतीपर्यंत अक्षर पोचवायचं तर आणखी जोर. आजच्या कीबोर्डला पन्नास-साठ ग्रॅम लागतात, ते त्यापुढे काहीच नाही.

मग त्या ताईंच्या वडिलांना मुंग्या का नाही आल्या?

पहिल्या भेटीत मी त्यांना एक उत्तर दिलं होतं, आणि ते सांगताना मी स्वतःवर खूशही होतो. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी वाजायची. डावा हात कळांवरून उचलून कॅरेज ढकलायचा. मिनिटाला तीस शब्दांचा वेग आणि ओळीत दहा शब्द धरले, तर दर वीस सेकंदांनी हात जागेवरून उठत होता. पान संपलं की कागद काढा, कार्बन लावा, नवा कागद चढवा. रिबीन अडकली तर सोडवा. दोन दांडे एकमेकांत अडकले तर बोटाने सुटे करा. चुकलं तर रबराने खोडा. यंत्र अडाणी होतं म्हणून माणसाला विसावा मिळायचा. कॉम्प्युटरने घंटी काढून टाकली, कॅरेज काढलं, कागद काढला. आता ओळ आपोआप मोडते आणि हात चार-चार तास त्याच जागी, त्याच कोनात. यंत्र हलकं झालं आणि विश्रांती गेली.

हे उत्तर चुकीचं नाही. पण ते अपुरं निघालं, ते कसं ते पुढे सांगतो. आधी स्विचचं बघू, कारण ताईंचा मूळ प्रश्न तोच होता आणि तुमच्यापैकीही अनेकांचा असतो.

कीबोर्डचे ढोबळ दोन प्रकार. आपल्या ऑफिसात सहसा असतो तो रबरी पडद्याचा. प्रत्येक कळीखाली रबराची छोटी वाटी. कळ दाबली की आधी ती अडते, मग एकदम बसते, आणि तळाशी गेल्यावर अक्षर उमटतं. म्हणजे दर वेळी तळ गाठावाच लागतो. वाटी जुनी झाली की काही कळा कडक, काही मऊ. दुसरा मेकॅनिकल. इथे प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच, त्यात धातूची स्प्रिंग. आयबीएमने १९८० च्या दशकात आपल्या कॉम्प्युटरसोबत वाकणाऱ्या स्प्रिंगचे वजनदार कीबोर्ड दिले. त्याच दशकात चेरी या जर्मन कंपनीचे एमएक्स स्विच आले, आणि आज बाजारात जे रंगीत स्विच मिळतात ते बहुतेक त्यांचेच किंवा त्यांच्या धर्तीवरचे. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही बनवू लागल्या, म्हणून भाव खाली आले.

रंगाचा अर्थ असा. लाल म्हणजे सरळ, अडथळा नाही, साधारण ४५ ग्रॅमला अक्षर उमटतं. काळाही सरळच, पण जड, ६० च्या आसपास. तपकिरी दाबताना मध्ये बारीकसा उंचवटा लागतो, अक्षर उमटलं हे बोटाला कळतं. निळ्यात तो उंचवटा आहे आणि वर 'टिक्' असा आवाज. कळ एकूण चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण दोन मिलिमीटरवरच उमटतं. मेकॅनिकलचा फायदा सांगतात तो हाच, तळ गाठायची गरज नाही.

निळा स्विच तुमच्या ओळखीचा निघेल. टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड आठवतो का? बँकांत, कोर्टात, डीटीपीवाल्यांकडे असायचा तो जाडजूड, खटखट वाजणारा. त्यात वर्षानुवर्षं चेरीचे निळे स्विच होते. टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर आलेल्या पिढीला तो आवडायचा, कारण बोटाला उत्तर मिळायचं आणि कानालाही. आजची मुलं जे हौसेने शोधून घेतात, ते आपल्या जुन्या बाबूलोकांनी विशेष काही न समजता वापरलेलं आहे.

आता डॉक्टर म्हणून बघतो. बोट दोन मिलिमीटरवर थांबतं का? नाही. माणसं टाइप करताना किती जोर लावतात हे मोजलं गेलंय, आणि तो गरजेच्या अडीच ते जवळपास चार पट निघाला. म्हणजे स्विच ४५ ग्रॅमचा असो की ६० चा, आपण टेबलापर्यंत धडक देतो. घाई असली, समोर साहेब उभे असले, परीक्षेचं घड्याळ चालू असलं की आणखी. हलका लाल स्विच घेऊन तो जोरात आपटणारे आहेत, आणि जड कीबोर्डवर हळुवार चालणारे हातही आहेत.

मग स्विच बदलून दुखणं कमी होतं की नाही? याची नेमकी परीक्षा एकदा झालीय. १९९९ साली अमेरिकेत डेव्हिड रेम्पेल आणि सहकाऱ्यांनी हाताला मुंग्या येणाऱ्या वीस कॉम्प्युटरवाल्यांचे दोन गट केले. कीबोर्डची मांडणी सारखी, फक्त कळीखालचा स्विच वेगळा. बारा आठवडे दिले. एका गटाचं दुखणं कमी झालं, पण ते सहा ते बारा आठवड्यांच्या मधल्या काळात. आणि मनगटातल्या नसेचा वेग तपासला तर दोन्ही गटांत काही फरक नाही. वीसच माणसं आहेत, तेव्हा यावर महाल बांधू नका. मला त्यातून इतकं दिसतं की चांगल्या कळीने दुखऱ्या हाताला थोडं बरं वाटू शकतं, त्याला महिने लागतात, आणि नस दबली असेल तर ती स्विचने सुटत नाही. आठ दिवसांत फरक हे दुकानदाराचं गणित.

ही नस म्हणजे मीडियन नर्व्ह. तळहाताच्या बाजूला, मनगटात, हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणारे नऊ दोरे आणि ही एक नस जाते. बोगद्यात सूज आली की दबते ती नस. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटात ही नस दबते हे जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्येच लिहून ठेवलं होतं, म्हणजे टाइपरायटर बाजारात येण्याच्या वीस वर्षं आधी. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, करंगळी वाचते. त्रास रात्री-पहाटे जास्त. हात झटकला की बरं वाटतं. ही झटकण्याची खूण मला फार उपयोगी पडते. पेशंट न विचारता हात झटकून दाखवतो तेव्हा निम्मं निदान तिथेच होतं. मुंग्या करंगळीत असतील तर नस वेगळी, आणि बहुधा कोपराशी शोधावी लागते. मान हलवल्यावर हातात कळ जात असेल तर मानेत.

ताईंनी दुसऱ्या भेटीत वडिलांना सोबत आणलं होतं. सत्तरी ओलांडलेले, ताठ, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी माझी घंटी-कॅरेजची गोष्ट त्यांना पुन्हा रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, "रात्री हात बाजेच्या खाली लोंबता ठेवून झोपत जावो मी. त्यानं मोकळा होत जाय. पण त्याच्यासाठी डॉक्टरकडे कोण जाते?" मुलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं.

माझा सिद्धांत तिथेच अर्धा कोसळला. वडिलांना त्रास नव्हता असं नाही, त्यांनी तो कोणाला सांगितला नव्हता. किती टायपिस्ट रात्री हात लोंबते ठेवून झोपले असतील, कोणत्या रजिस्टरमध्ये नोंद सापडणार? उलटही झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात कीबोर्डवाल्यांच्या हातदुखीची लाटच आली, १९८४-८५ च्या सुमारास शिगेला पोचली आणि मग ओसरली. कीबोर्ड मात्र ओसरले नव्हते. ती दुखणी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण कामाचा दाब, नोकरीची भीती, आजाराला मिळणारं नाव यांनी दुखण्याची नोंद कमी-जास्त होते, एवढं मान्य करायला हवं. रामाझिनींचं तिसरं कारण आठवा.

डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. उजव्या हाताला मुंग्या येतात असं शंभरात अकरा जणांनी सांगितलं. नीट विचारल्यावर मीडियन नर्व्हशी जुळणारी लक्षणं पाचेक जणांत उरली, आणि रात्रीचा त्रास असणारे दीडच्या आत. कीबोर्डच्या तासांशी याचा ठोस संबंध दिसला नाही. माऊस आठवड्याला वीस तासांहून जास्त वापरणाऱ्यांत मात्र तक्रारी जास्त होत्या. आश्चर्य वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मग मी माझीच ओपीडी आठवून पाहिली. रात्री हात बधिर होतो म्हणून येणाऱ्यांत कीबोर्डला कधी हात न लावलेलेच जास्त: कापूस वेचणाऱ्या बाया, पोळ्या लाटणाऱ्या, धार काढणारे, गरोदर मुली, थायरॉइडचे आणि शुगरचे पेशंट.

शुगरवरून माझीच एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी डेटा एंट्रीचं काम करणारा एक तरुण असाच मुंग्यांची तक्रार घेऊन आला. मी व्यवसाय विचारला, मान हलवली, मनगटाचा पट्टा आणि बी-१२ च्या गोळ्या लिहिल्या, खुर्ची उंच करायला सांगितली. व्यवसाय ऐकून मी निदान करून बसलो होतो. सात-आठ महिन्यांनी तो पायाच्या न भरणाऱ्या जखमेसाठी आला, तेव्हा शुगर तीनशेच्या वर होती. पहिल्याच दिवशी बोटातून एक थेंब रक्त घेतलं असतं तर कळलं असतं. कीबोर्ड समोर दिसत होता, म्हणून मी त्याच्या मागे पाहिलंच नाही. तेव्हापासून हाताच्या मुंग्या घेऊन आलेल्या माणसाचं काम काहीही असो, शुगर आणि थायरॉइड बघितल्याशिवाय मी कारण लिहीत नाही. तुमचे डॉक्टर या तपासण्या सांगत असतील तर ते उगाच सांगत नाहीत.

ताईंच्या दोन्ही तपासण्या नॉर्मल आल्या. दोन्ही मनगटं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून धरायला लावल्या, तर मिनिट भरायच्या आत उजव्या हाताला मुंग्या सुरू झाल्या. फॅलन नावाच्या सर्जनची ही तपासणी, घरीही करता येते, पण तिच्यावरून स्वतःच निकाल लावू नका. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू सुकलेला नव्हता, पकड ठीक होती. म्हणजे वेळ हातात होती. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, सहा आठवडे, रोज. एवढंच औषध. यावर भागलं नाही तर मनगटात इंजेक्शन, आणि नस फारच दबलेली असेल तर छोटं ऑपरेशन. अंगठ्याचा स्नायू बसू लागला, हातातून वस्तू पडू लागल्या तर मात्र कीबोर्डच्या दुकानात नव्हे, आधी दवाखान्यात यावं.

मग कीबोर्ड घ्यायचाच असेल तर काय बघायचं? माझं मत विचाराल तर स्विचच्या रंगाआधी उंची. मेकॅनिकल कीबोर्ड जाड असतात. टेबल उंच, त्यावर जाड कीबोर्ड, आणि मागचे पाय उघडलेले, की मनगट वर मुरडतं आणि बोगदा आणखी अरुंद होतो. ते मागचे पाय मिटून टाका. खुर्ची उंच करा, पाय लोंबत असतील तर खाली पाट घ्या. माऊस कीबोर्डला चिकटून ठेवा, नंबरांची वेगळी पट्टी लागत नसेल तर ती नसलेला छोटा कीबोर्ड घ्या, म्हणजे हात बाहेर ताणला जात नाही. हल्ली स्विच उपटून दुसरे बसवता येतील असे कीबोर्ड मिळतात. सोबत चिमटा येतो. सगळे बदलायची गरज नाही, करंगळीच्या कळांखाली हलके स्विच बसवले तरी फरक जाणवतो.

करंगळीवर मी इतका भर का देतो? मराठी इनस्क्रिप्ट कळफलक बघा. भारतीय लिप्यांसाठी १९८० च्या दशकात तयार झालेली ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि क-ख, त-थ एकाच कळीवर, दुसरं शिफ्ट दाबून. 'पुसद' लिहा, शिफ्ट एकदाही नाही. 'यवतमाळ' मध्ये फक्त ळ ला. पण मराठीत वारंवार लागणारा 'आणि' घ्या. आ ला शिफ्ट, ण ला शिफ्ट. श ला शिफ्ट, भ ला शिफ्ट. एका पानात हे किती वेळा येतं ते मोजा. बरेच जण सगळी शिफ्ट एकाच करंगळीने दाबतात आणि त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाने अक्षर, म्हणजे पंजा ताणून वाकडा. टायपिंगच्या सरांनी सांगितलेलं आठवा, अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजव्या हाताने. हौशी कीबोर्डवर शिफ्ट अंगठ्याखाली आणता येते, विंडोजमधली स्टिकी कीज ही सोय तर फुकट आहे, शिफ्ट दाबून सोडायची आणि मग अक्षर दाबायचं. घरी-ऑफिसात जरूर वापरा. चाचणी तोंडावर असेल तर नको. परीक्षेच्या हॉलमध्ये समोर जो कीबोर्ड येईल त्यावर बोटं चालली पाहिजेत, म्हणून प्रवेशपत्रावरच्या सूचना आधी वाचा आणि शेवटचा महिना साध्या कीबोर्डवरच सराव करा.

हेच मी ताईंना सांगितलं, आणि सोबत वडिलांची घंटी परत दिली. मोबाइलवर दर वीस मिनिटांनी वाजणारी. वाजली की हात मांडीवर, अर्धा मिनिट. वकीलसाहेब पहिल्या दिवशी वैतागले म्हणे.

सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा पहाटेची जाग बंद झाली होती, दिवसा जास्त काम झालं तर तर्जनीत थोडी झिणझिण राहत होती. चाचणी पुढे ढकलली गेली होती. कीबोर्ड त्यांनी शेवटी तपकिरी घेतला. निळा का नाही, विचारलं. म्हणाल्या, निळा बाबांना आवडला होता, पण शेजारच्या टेबलावर दुसरे ज्युनिअर बसतात, त्यांना फोनवर पक्षकाराचं काही ऐकूच येईना.